विषय: २८ तारखेचा भोंडला दुपारी १ वाजता?? त्या दिवशी आपल्या सिएटलच्या बेसबॉल टीमची, मरिनर्सची, सीझनची शेवटची मॅच आहे

संदीप, गुरुवार १८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५२

मेघनाताई, समितीचा मेल आत्ता बघितला. भोंडला शनिवारी होता ना, रविवारी कधी गेला? २८ला आपली ग्रुप तिकिटं आहेत, मे महिन्यात याच लिस्टवर विचारून काढलेली, २६ जण. मॅच १२:१०ला सुरू होते. प्लीज वेळ बदला, मी अगदी मनापासून सांगतोय.

आजचं टेबल बघा. आपण ८४ जिंकलो ६९ हरलो, ह्यूस्टन पण ८४-६९, ९ मॅच राहिल्यात. उद्यापासून ३ त्यांच्या घरी, आणि टायब्रेकरही तिथेच ठरणार, कारण २०२२पासून बरोबरी झाली तर जादा मॅच खेळवत नाहीत, आधी आपसात कोण जास्त जिंकलं ते बघतात. २००१नंतर आपण डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकलेली नाही. त्या वर्षी ११६ मॅच जिंकलो होतो आणि त्यानंतर २०२२पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीचं, तोंड बघितलं नाही.

२०२१च्या शेवटच्या दिवशी मी ईशाला घेऊन स्टेडियममध्ये होतो. ९० मॅच जिंकूनही बाहेर. नवव्या इनिंगमध्ये काइल सीगरला मैदानातून परत बोलावलं तेव्हा सगळे उभे राहिले, तो रडत होता, आणि ही ८ वर्षांची पोरगी मला विचारते, बाबा आपण हरलो तर लोक टाळ्या का वाजवतायत. २०२३ला परत एका मॅचने हुकलं. यंदा आपल्या कॅल रॅलीचे ५६ होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) झालेत, कॅचर (विकेटकीपरसारखा) असून, ग्रिफीच्या टीम रेकॉर्डच्या बरोबरीला आलाय. असं वर्ष परत येईल की नाही माहीत नाही, मला त्या दिवशी तिच्यासोबत तिथे असायचंय.

मेघना, शुक्रवार १९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

संदीप, तारीख समितीने हौसेने बदललेली नाही. हॉलवाल्यांनी शनिवार काढून घेतला, १० दिवस आधी सांगितलं, डिपॉझिट परत घ्या म्हणाले. रविवारी १ ते ४ एवढाच स्लॉट होता. आणि हस्त नक्षत्र २७ला लागतंय, त्यामुळे त्याआधी भोंडला नको असं ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं होतं ते आपण ऑगस्टच्या मीटिंगमध्ये मान्य केलं, तू होतास त्या मीटिंगला.

एक सांगते, राग मानू नको. गणपतीत कोणी म्हणत नाही की मॅच आहे, आरती पुढे ढकला. भोंडला बायकामुलींचा, म्हणून तो हलवायला सोपा वाटतो. ६० मुलींनी नाव दिलंय, त्यातल्या कितीतरी जणी पहिल्यांदाच फेर धरणार आहेत.

अविनाशकाका, शुक्रवार, सकाळी ९:४०

११६ वरून आठवलं. मी ९१ सालापासून इथे आहे. ९५ साली ऑगस्टमध्ये आपण आपल्याच गटातल्या एंजल्सच्या १३ मॅच मागे होतो, आणि २ ऑक्टोबरला बरोबरी झाली म्हणून एक जादा मॅच झाली, जुन्या किंगडोम स्टेडियममध्ये, रँडी जॉन्सनने ९-१ने जिंकून दिली. गांधीजयंती म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. कॅचर कोण होता? आजचा मॅनेजर डॅन विल्सन! म्हणून मला यंदा भरवसा वाटतो, या माणसाने हे सगळं बघितलंय.

बाय द वे २८ला कोणी गाडी नेऊ नका. बेलव्ह्यूहून ५५० बस पकडा आणि इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टला उतरून चालत जा. मागच्या वेळी पार्किंग शोधण्यात माझ्या २ इनिंग गेल्या.

स्नेहल, शुक्रवार, दुपारी १२:०५

काका, ५५० रविवारी नीट बघून जा, फेऱ्या कमी असतात.

हत्तीचा पाट कोणाकडे आहे? माझ्याकडे नाही, गेल्या वर्षी मी परत केलाय.

निखिल, शुक्रवार, दुपारी १:३०

एक प्रश्न, टायब्रेकर म्हणजे आयपीएलच्या नेट रनरेटसारखं का? आणि इथल्या एका फॅनने ऑनलाइन चेटकिणीला पैसे देऊन टीमसाठी मंत्र करून घेतला, त्यानंतर १० मॅच सलग जिंकलो, हे खरंय का?

संदीप, शुक्रवार, रात्री ९:३८

निखिल, रनरेट नाही, किती रनने जिंकलात याला काही किंमत नाही. मंत्राचं खरंय, पेपरात पण आलंय. मी स्वतः घटस्थापनेपासून रोज बोलणार आहे देवीशी.

४-० जिंकलो!! पण ब्रायन वू ५ इनिंग टाकून छातीचा स्नायू दुखतोय म्हणून बाहेर गेला. सगळ्या सीझनमध्ये तोच सगळ्यात भरवशाचा पिचर, आता ऑक्टोबरच्या प्लेऑफचं काय? जिंकलो तरी पोटात गोळा आलाय.

मेघनाताई, गणपतीचं बोललात ते लागलं, आणि बरोबर आहे. मी वेळ बदला म्हणालो, रद्द करा असं नव्हतं म्हणायचं. हॉलवाल्यांशी मी बोलू का?

मेघना, शनिवार २० सप्टेंबर, सकाळी ८:२०

हॉलशी समितीच बोलेल. दोघांनी फोन केला की ते गोंधळतात, मागच्या दिवाळीला तेच झालं होतं.

वृषाली, शनिवार, सकाळी ११:००

दिवाळीला गोंधळ हॉलमुळे नव्हता, फराळाची ऑर्डर दोनदा गेली होती. त्याचा हिशोब अजून लिस्टवर आलेला नाही.

पाट आमच्या गॅरेजमध्ये आहे. हत्तीचा रंग उडालाय, सोंड तर दिसतच नाही. मी आणि लेक आज परत रंगवतोय, पांढरा पोस्टर कलर चालेल ना?

संदीप, शनिवार, रात्री ७:५५

बघितलं का कोणी??? ६-४, शेवटची नववी इनिंग, त्यांचे लोक बेसवर, बॉल राइट फील्डला पडणार असं वाटलं आणि आपल्या रॉब्लेसने पूर्ण आडवा होऊन झेल घेतला, उठला आणि थेट सेकंड बेसला फेकला, रनर परत पोचलाच नाही, मॅच तिथेच संपली. मी किती ओरडलो, ईशा वरून धावत खाली आली. आणि कॅलचा ५७वा, ग्रिफीच्या पुढे गेला! पण उद्याची एक हरलो तर लीड एका मॅचचीच, अजून काहीच झालेलं नाही.

मेघना, रविवार २१ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०

हॉल ४:३० ते ७:३० मिळाला. भाडं वाढलंय, ते समितीतून जाईल, मॅचवाल्यांकडून वेगळं मागणार नाही. मॅच ३च्या आसपास संपते असं काका म्हणाले, जादा इनिंग झाल्या तर तुम्ही उशिरा या, पण मुलींना घेऊन या. फेर ५ला सुरू होईल, कोणासाठी थांबणार नाही.

संदीप, रविवार, रात्री ८:१२

ताई, खूप खूप आभार. ७-३!!! तिन्ही जिंकलो, क्रॉफर्डने ४ रनचा होमरन मारला, तिन्ही बेस भरलेले. आता ८७-६९, ह्यूस्टन ८४-७२, ६ राहिल्या, टायब्रेकर आपला. म्हणजे आपले विजय आणि त्यांचे पराभव मिळून ३ झाले की डिव्हिजन आपली. मंगळवारपासून कोलोराडो इथेच आहे, त्यामुळे २८च्या आधीच होऊन जाईल असं वाटतं, पण मी असं २०२१ला पण म्हणालो होतो, म्हणून आता बोलत नाही. वूचं अजून नक्की काही कळलं नाही.

भोंडल्याला एक खिरापत आमच्याकडून. सकाळी करून स्टेडियममध्येच सोबत नेऊ, बाहेरचं खायचं आत नेता येतं.

स्नेहल, रविवार, रात्री ८:३०

गेटवर पिशवी उघडून बघतात. आमच्यातल्या २६ जणांसमोर डबा उघडला तर मग ओळखणार कोण? वृषालीताईंकडे सकाळी पोचवा, त्या येत नाहीयेत मॅचला. आणि वास येणारं काही करू नका, गेल्या वर्षी लसणाच्या चटणीवरून पहिल्याच झटक्यात ओळखलं होतं.

वृषाली, रविवार, रात्री ८:४४

११च्या आत आणा, नंतर मी पाट घेऊन हॉलवर जाणार. सोंड वाळली.