चर्चा: ‘गॅजेटांनी वाचन मारलं’ हे मला मान्य नाही

गिरणाकाठ (जळगाव)

परवा इथे एका कार्यक्रमात वक्त्यांनी सांगितलं, की मोबाईल आणि बाकीच्या गॅजेटांनी वाचन मारलं. टाळ्या पडल्या. मला ते पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात वाढलो. गावात पुस्तकांचं दुकान तेव्हा नव्हतं, आजही नाही. शाळेत एक लोखंडी कपाट, त्यात साठ-सत्तर पुस्तकं आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. याच अमळनेरात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, इथेच 1952 ला आणि 2024 ला मराठी साहित्य संमेलन भरलं. पण संमेलन उठलं की पुस्तकांचे गाळेही उठतात. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याच डिसेंबरात किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, मराठी पुस्तकं आली. मी पैसे साठवून रीडर घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत आधीच्या वीस वर्षांपेक्षा जास्त वाचलं.

पुष्कळ लोक ई-रीडरला मोबाईलच समजतात. त्याच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे अगदी बारीक कण असतात. वीज दिली की ते वर-खाली होतात, आणि एकदा जागेवर बसले की वीज न खाता तसेच राहतात. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. अशा रात्री गच्चीवर खाट टाकून मी अख्ख्या कादंबऱ्या वाचल्यात. वर नोटिफिकेशन नाही, फोन नाही, रील नाही.

बहिणाबाई आपल्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गाणं म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातले ते टिपून घ्यायचे. त्या 1951 ला गेल्या आणि पुस्तक 1952 ला आलं. म्हणजे तेच गाणं आधी गळ्यात होतं, मग वहीत आलं, मग छापलं गेलं, आता पडद्यावर आहे. त्यात त्याचं काय कमी झालं? त्यांनी तर छापखान्यावरही कविता केली. त्या काळचं ते नवं यंत्रच होतं, आणि त्यांनी ते केवढ्या कौतुकाने पाहिलं!

सिनेमाचंही तेच. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी बोलण्या-वागण्यात आपल्या शेजारचं. तिथे शेख नासिर यांनी 2000 साली साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. त्या मंडळींनी क्रेनच्या जागी बैलगाडी वापरली आणि ट्रॉलीच्या जागी सायकल. आज अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ गावोगावची पोरं मोबाईलवर करतात आणि पुण्या-मुंबईत कामाला गेलेली माणसं ते रात्री बघतात. यंत्र हातात आलं म्हणूनच हे झालं.

---

रेल्वेतला (भुसावळ)

भाऊ, तुमचं वाचन वाढलं याचा आनंद आहे. पण तुमच्यासारखे किती? मी रोज भुसावळ-जळगाव अप-डाऊन करतो. पूर्वी एका पेपरची चार पानं चार जणांत फिरायची आणि उतरताना अग्रलेखावरून भांडण लागायचं. आता डब्यात नव्वद माना खाली. वाचतं कोण? सगळे अंगठ्याने वर सरकवतात. तुमचा रीडर चांगला असेल हो, पण मी डब्यात आजवर दोनच पाहिले.

---

पांझरेकाठ (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, तुमचा अनुभव खरा आहे. पण तुम्ही वाचण्याबद्दल बोलताय आणि मला टिकण्याबद्दल बोलायचंय.

1998 मध्ये आम्ही चार मित्रांनी एक छोटा दिवाळी अंक काढला. डीटीपीवाल्याकडे महिनाभर बसून अक्षरं जुळवली, फायली फ्लॉपीवर घेतल्या आणि जपून ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी त्या मोठ्या खटपटीने उघडल्या तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तेव्हाचे मराठी फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-पद्धतीचे, नव्हते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे तो फाँट नसला की मजकूर मेला. छापलेली एक प्रत माझ्या कपाटात होती, कडा पिवळ्या पडलेली. शेवटी तिच्यावरूनच पुन्हा टाईप केलं.

आता आमच्या गावातलंच बघा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच गेले आणि त्यांनी पायपीट करून जमवलेली दप्तरं सांभाळायला 1927 मध्ये इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यातले मोडी कागद शेकडो वर्षांचे आहेत. मोडी येणारा माणूस आला की कागद बोलायला लागतो. त्याला चार्जर लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि कंपनीची परवानगीही लागत नाही.

परवानगीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. 2009 च्या जुलैत ॲमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं, त्यातलं एक ‘1984’, लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले, पण ज्यांनी विकत घेतली होती त्यांच्या हातातून पुस्तक गेलं ते गेलंच. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकांची पुस्तकं उघडेनाशी झाली. 2025 च्या फेब्रुवारीत किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून वायरने हलवायची सोयही गेली. तुम्ही ‘विकत घेतलं’ म्हणता, पण कागदोपत्री तो वाचायचा परवाना आहे. माझ्या आजोबांची ज्ञानेश्वरी मी वाचतो. तुमचा नातू तुमचं काय वाचणार?

---

गिरणाकाठ (जळगाव)

पांझरेकाठ सर, परवान्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी ते लिहायला हवं होतं. 2025 ची ती बातमी कळली तेव्हा मी दोन रात्री जागून माझी पुस्तकं उतरवून घेतली. आता शक्यतो कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकाचा एक खुला प्रकार) फाईल देणाऱ्या प्रकाशकांकडूनच घेतो.

पण म्हणून कागदाकडेच परत जायचं, हे मला मान्य नाही. माझ्या मामांकडे दोन पेट्या पुस्तकं होती. 2006 च्या पावसाळ्यात भिंत ओलावली, मागून वाळवी लागली आणि दिवाळीला उघडल्या तर आत भुसा. कागद एका जागी असतो, आणि ती जागा गेली की सगळं जातं. फाईलच्या दहा प्रती दहा घरांत ठेवता येतात. तुमच्या दिवाळी अंकाचा घात त्या फाँटने केला. आता देवनागरी युनिकोडमध्ये आहे, तो त्रास पुन्हा होणार नाही.

आणि विश्वकोश विसरू नका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तुमच्याच जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. त्यांनी उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशाचे 20 खंड किती घरांत आहेत? आमच्या तालुक्यात मला एकाही घरात दिसले नाहीत. तोच विश्वकोश आज आठवीतली पोरगी फोनवर फुकट उघडते.

---

केळीबाग (रावेर)

तुम्ही दोघं शिकलेले लोक. माझं थोडक्यात. शेताची लाईट आठवड्यातून तीन-चार दिवस रात्रीची असते. मोटर चालू करून बांधावर बसावं लागतं. तिथे कागद दिसत नाही आणि रीडर मातीच्या हाताने धरवत नाही. मी कानात घालून पुस्तकं ऐकतो. गेल्या वर्षभरात अकरा झाली. याला वाचन म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला त्यातलं सगळं आठवतं.

आणि भाऊ, रीडरची किंमत सांगायची राहिली. केळीला भाव नसेल त्या वर्षी तेवढे पैसे पोरांच्या फीला जातात.

---

जात्यावरची (शिरपूर)

मी गिरणाकाठ दादांच्या बाजूची होते, अजूनही थोडी आहे. पण माझ्या घरात घडलेलं सांगते.

माझी आजी अहिराणीत ओव्या म्हणायची. 2013 मध्ये मी तिच्यासमोर मोबाईल ठेवून तीन दुपारी त्या रेकॉर्ड केल्या. जात्याची घरघर, मध्येच तिचं ‘थांब माय, पानी पेवू दे’, सगळं त्यात होतं. पुढच्या वर्षी आजी गेली. त्यानंतर चार महिन्यांनी मेमरी कार्ड वाचायचं बंद झालं. दोन दुकानांत दाखवलं, काही निघालं नाही. दुसरी प्रत मी केली नव्हती.

उरली ती आईची वही. शंभर पानी, रेघांची, मागे किराण्याचा हिशोब. आईने लग्नाआधी आजीकडून एकेचाळीस ओव्या उतरवून घेतल्या होत्या. आवाज गेला, पण शब्द राहिले ते त्या वहीमुळे. म्हणून पांझरेकाठ सरांचं वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

आता ती वही मोबाईलवर टाईप करतेय, तर कीबोर्ड आमची भाषाच ओळखत नाही. ‘आंडेर’ लिहिलं की ‘अंधेर’ करून टाकतो. मुलीचा अंधार होतो, दादा. प्रत्येक ओळीत तीन-चारदा मागे यावं लागतं.

---

गिरणाकाठ (जळगाव)

ताई, तुमचा अनुभव वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. ते कार्ड फेकू नका. दुकानात जमत नाही ते डेटा काढणाऱ्या तज्ज्ञांना कधीकधी जमतं. खात्री देत नाही, पण विचारून बघू.

वहीचं मात्र आजच करा. आधी प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी फोटो काढा, हिशोबाच्या पानांसकट. तीन प्रती: एक फोनबाहेर पेन ड्राईव्हवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आपोआप दुरुस्ती बंद करा आणि वैयक्तिक शब्दकोशात ‘आंडेर’, ‘आंडोर’ असे शब्द घाला, मग तो छेडणार नाही. टाईप करायला मी येतो, शनिवार-रविवार मोकळा आहे.

---

पांझरेकाठ (धुळे)

आणि टाईप झालं की छापून घ्या. पंचवीस प्रती, चांगल्या कागदावर. माझ्या ओळखीचा छापखाना आहे, खर्चाचं मी बघतो. या एका बाबतीत गिरणाकाठांनी मला अडवू नये.

---

जात्यावरची (शिरपूर)

अडवणार नाहीत ते. आत्ता सोळा पानांचे फोटो झाले. सातव्या पानावर घडीवरच शाई उडालीय आणि एका ओवीतला शेवटचा शब्द लागत नाही. आई झोपलीय, सकाळी चहाला बसली की म्हणून घेते तिच्याकडून. या वेळी रेकॉर्डिंग दोन फोनवर लावते.