नास्तिक, निरीश्वरवादी, अश्रद्ध आणि ‘भावना दुखावणे’

मुद्रितशोधक: नास्तिक, निरीश्वरवादी, अज्ञेयवादी, अश्रद्ध, पाखंडी हे शब्द धर्मावरच्या वादात एकमेकांच्या जागी सर्रास येतात. मजकूर तपासताना कुठला कुठे ठेवावा? ‘भावना दुखावणे’चा नेमका अर्थही हवा आहे.

वाचस्पती: सुरुवात नास्तिकपासून करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पाणिनीचं सूत्र ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (4.4.60). ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे किंवा नाही, हे सूत्र सांगत नाही. टीकाकार तिथे परलोक घालतात, ईश्वर नव्हे. मनुस्मृतीत (2.11) कसोटी आणखी वेगळी: ‘नास्तिको वेदनिन्दकः’. म्हणजे वेदांचं प्रामाण्य नाकारणारा. त्यामुळे जुन्या वर्गवारीत जगाला कर्ता लागत नाही असं म्हणणारं सांख्य आणि मीमांसा ही आस्तिक दर्शनं ठरली, तर कठोर नीतिनियम पाळणारे जैन आणि बौद्ध नास्तिक. आज नास्तिक म्हणजे देव न मानणारा हा अर्थ रूढ आहे आणि तो चूक नाही. पण जुन्या ग्रंथाबद्दल लिहिताना नास्तिक हा शब्द आजच्या अर्थाने वापरलात, तर वाक्य खोटं होतं. तिथे निरीश्वरवादी किंवा अवैदिक, जे असेल ते लिहा.

अवग्रह: मनूचा तो श्लोक पूर्ण वाचावा. हेतुशास्त्राच्या, म्हणजे तर्काच्या आधाराने जो श्रुति-स्मृतींचा अवमान करील त्याला साधूंनी बहिष्कृत करावं, असं तिथे आहे. मत वेगळं असणं आणि निंदा करणं या दोन गोष्टी तिथे एकाच शब्दात बांधल्या गेल्या. आजही ‘तो नास्तिक आहे’ हे वाक्य आरोपासारखं उच्चारलं जातं, त्यामागे ही जुनी गाठ आहे.

पाखंडचं असंच झालं. अशोकाच्या गिरनार येथील बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ. सर्व पासंडांचा मान राखावा, वाणीचा संयम पाळावा, असा त्या लेखाचा आशय. पुढे तोच शब्द वेदबाह्यांसाठी शिवी झाला आणि आता ढोंगीपणाच्या अर्थानेही चालतो. म्हणून पाखंडी हा शब्द अवतरणातच ठेवा. लेखकाच्या तोंडी तो आला की लेखकाने बाजू घेतली असं होतं.

काठावरचा: अज्ञेयवादीबद्दल. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलेने 1869 मध्ये घडवलेल्या ‘agnostic’ या इंग्रजी शब्दासाठी हा मराठी प्रतिशब्द रुळला. अज्ञेय म्हणजे जाणताच न येण्याजोगं. अज्ञात म्हणजे अजून न कळलेलं. ‘माझं अजून ठरलेलं नाही’ म्हणणाऱ्याला अज्ञेयवादी म्हणू नये, तो साशंक.

अश्रद्ध मात्र वापरण्याआधी दोनदा विचार करा. श्रद्धा माणसावर, मूल्यावर, कामावरही असते. संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’ असे तीन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. देव न मानणारा माणूस संविधानावर श्रद्धा ठेवू शकतो.

वाचस्पती: सहमत. विश्वासातही एक खाच आहे. ‘माझा देवावर विश्वास नाही’ याचे तीन अर्थ निघतात: देव आहे असं मी मानत नाही, देव नाही असं मी मानतो, देव आहे, पण त्याच्यावर माझा भरवसा नाही. पहिल्यात बोलणारा दावाच करत नाही, त्यामुळे पुरावा दुसऱ्याने द्यायचा. दुसऱ्यात दावा त्याचा, पुरावाही त्याचा. नकार वाक्यात कुठे बसतो यावर पुराव्याची जबाबदारी फिरते. वाद अडला की आधी हे वाक्य सोडवून घ्यावं.

मुद्रितशोधक: आणि अधर्मी? देव न मानणाऱ्याला तेही म्हटलेलं आढळतं.

अवग्रह: ते टाळाच. धर्म म्हणजे पंथ-उपासना, आणि धर्म म्हणजे कर्तव्य-न्यायही. अधर्म हा शब्द फक्त दुसऱ्या अर्थाचा नकार आहे. अधर्मी म्हटलं की देव न मानणारा अनीतिमान असं न सांगताच ठरतं. तो युक्तिवाद आहे आणि तो मांडून दाखवला पाहिजे, शब्दात दडवता कामा नये. नीतीला ईश्वर लागतो का, हा प्रश्न मीमांसकांच्या बाबतीतही उभा राहतो. त्यांनी कर्माचं फळ ‘अपूर्व’ (कर्मातून निर्माण होणारी अदृश्य शक्ती) या कल्पनेने जोडलं, फळ देणारा ईश्वर मधे घातला नाही. त्यांना अधर्मी कोण म्हणेल?

काठावरचा: आता ‘भावना दुखावणे’. माझ्या मते इथे व्याकरणच वादाचं मूळ आहे. दुखवणे सकर्मक: ‘त्याने मन दुखवलं’. दुखावणे मुळात अकर्मक: ‘पाय दुखावला’. ‘भावना दुखावल्या’ या वाक्यात कर्ता नाही, हेतू नाही आणि बरेचदा कोणाच्या हेही नाही.

वाचस्पती: ‘त्याने भावना दुखावल्या’ हे सकर्मक रूप आता सर्रास चालतं, ते अशुद्ध ठरवता येणार नाही.

काठावरचा: अशुद्ध म्हणत नाही. पण नेमका फरक तिथेच पुसला जातो. कायदा तो पुसत नाही. 1927 साली भारतीय दंड संहितेत घातलेलं कलम 295-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 299, नुसत्या दुखावण्यावर थांबत नाही. नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना भडकवण्याचा बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू हवा, शिवाय धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान किंवा तसा प्रयत्न हवा. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं, तेही याच आधारावर: नकळत, बेफिकिरीने किंवा दुष्ट हेतूविना झालेला अपमान त्यात बसत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 19(2) मध्ये अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची कारणं आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी वगैरे. ‘भावना’ त्यात नाही.

अवग्रह: एक जोड. जुनं कलम 298, आता 302, एका व्यक्तीच्या धार्मिक भावनांबद्दल आहे. तिथेही त्या दुखवण्याचा बुद्धिपुरस्सर हेतू लागतो, शिक्षा 1 वर्षापर्यंत. बातमीत 299 आणि 302 एक करू नयेत.

मुद्रितशोधक: मग शीर्षकात काय लिहावं?

काठावरचा: तक्रार झाली असेल तर ‘भावना दुखावल्याची तक्रार’. तक्रार हे घडलेलं आहे, दुखावणं हा तक्रारदाराचा दावा. हेतू सिद्ध झाला असेल तरच कर्ता घालून ‘दुखवल्या’. टीका, विडंबन, उपहास, निंदा, अवमान हेही वेगळे ठेवा. टीका मताची होते. विडंबन रूपाचं, म्हणजे मूळ ओळखू येईल अशी नक्कल. निंदेत दोष उगाळणं असतं, अवमानात मान कमी करण्याचा हेतू. एखाद्या व्यंगचित्राला बातमीत थेट ‘अवमान’ म्हटलं तर खटल्याआधी निकाल दिल्यासारखं होतं.

वाचस्पती: ‘आक्षेपार्ह’लाही हेच लागू. आक्षेप + अर्ह, म्हणजे आक्षेप घेण्यास योग्य. ‘आक्षेपार्ह मजकूर’ लिहिणारा स्वतःच आक्षेप मान्य करतो. ‘ज्यावर आक्षेप घेतला गेला तो मजकूर’ असं लिहा. चार शब्द वाढतात, पण ते वाढू द्यावेत.