मदत हवी आहे: अँजिओग्राफी नॉर्मल, तरी पंपिंग 30 टक्के. दारूमुळेच का?

साधासुधा:
रुग्ण पुरुष, वय 46. गेली 15 वर्षं रोज साधारण 250 मिली व्हिस्की (40 टक्के). जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, रात्री सपाट झोपवत नाही. इकोमध्ये हृदयाचा डावा खालचा कप्पा फुगलेला, इजेक्शन फ्रॅक्शन (म्हणजे पंपिंग) 30 टक्के. रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या. हे दारूनं होतं का? भरून येतं का? आजपासून थेंबही घ्यायचा नाही असं ठरवलंय, ते बरोबर ना?

गारवेल:
शेवटचं आधी. ठरवलंय ते बरोबर, पण घरच्या घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. 48 ते 72 तासांच्या सुमारास भ्रम. 30 टक्क्यांच्या हृदयाला हा ताण झेपत नाही. दाखल करूनच सोडवा. थायमिन, म्हणजे बी-1, मागून घ्या. ग्लुकोजचं सलाइन लावणार असतील तर थायमिन त्याआधी किंवा सोबतच जायला हवं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही तपासा, ते कमी असले की ठोके बिघडतात.

चकवा:
हिशेब असा: मिली × टक्के × 0.8 ÷ 100. तुमचे 250 मिली म्हणजे 80 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 5 टक्क्यांची 2 लिटर बिअर घेतली तरी तेवढंच, त्यामुळे 'आम्ही फक्त बिअर घेतो' याला अर्थ नाही. रोज 80 ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त, तेही 5 वर्षांहून अधिक, असं असेल तर डॉक्टर अल्कोहोलिक कार्डिओमायोपॅथीचा, म्हणजे दारूनं हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याचा, संशय घेतात. बायकांना याहून कमी पुरते. अल्कोहोल आणि त्यापासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हृदयाच्या स्नायूपेशींतली ऊर्जायंत्रणा बिघडवतं; आकुंचन दुबळं पडतं, कप्पा ताणत जातो.

पण 'हे दारूचंच' असं सांगणारी एकही तपासणी नाही. थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), घरात कुणाला असा आजार, जुना रक्तदाब, हे सगळं वगळत जावं लागतं. लिव्हरचा रिपोर्ट चांगला आला म्हणून हृदय सुटलं असंही नाही.

गारवेल:
भरून येण्याबद्दल: पूर्ण बंद केली आणि औषधं नीट घेतली तर बऱ्याच जणांचं पंपिंग काही महिन्यांत सुधारतं. इको 3 ते 6 महिन्यांनी पुन्हा करा. आठवड्याआड करून काही कळत नाही. तोवर रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन. 3 दिवसांत 2 किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवू शकणारी हृदयाची गोळी) चालू असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करा. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, पाणी साठतं. आणि दारू सुटावी म्हणून कुणी गुपचूप डायसल्फिराम देत असेल तर थांबवा. अशा हृदयावर ते जिवावर बेतू शकतं.

साधासुधा:
पंपिंग 50 वर आलं तर कधीमधी एक पेग?

चकवा:
नाही. पुन्हा सुरू केली की घसरतं. गोळ्याही आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. नाडी अनियमित लागली तर ईसीजी. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) असेल तर रक्त पातळ करायच्या गोळीचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.