मदत हवी आहे: ओढ्याच्या दरडीत वेड्या राघूंची घरटी आहेत, जेसीबी किती दिवस थांबवावा?

नमस्कार मंडळी,

आमचं रान कोल्हापूरजवळ, प्रयाग चिखलीच्या बाजूला, ओढ्याला लागून आहे. उसाच्या ट्रॉलीला वाट पुरत नाही, म्हणून ओढ्याकडची दरड कापून ती रुंद करायचं चुलत्यांनी ठरवलंय. मृग लागायच्या आत हे काम उरकायचं आहे. पाऊस सुरू झाला की आमच्या काळ्या रानात जेसीबी उतरत नाही, आणि दिवाळीच्या आगेमागे तोडी सुरू होतात. नेमकी त्याच दरडीत वेड्या राघूंनी (पोपट नव्हे, माश्या टिपणारे छोटे हिरवे पक्षी, ग्रीन बी-ईटर) बिळं केली आहेत. पाच भोकं दिसतात, त्यातली तीन नक्की वापरात आहेत.

चुलते ऐकणारे आहेत. "पिल्लं उडू देत, मग बघू" असं तेच म्हणाले. पण त्यांना तारीख हवी आहे आणि ती मला सांगता येत नाही, हीच अडचण आहे.

माझ्या माहितीप्रमाणे अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं त्यानंतर तीन ते चार आठवडे बिळातच असतात. म्हणजे आत आज पिल्लं असतील तर मेअखेर, रोहिणीतच, दरड मोकळी होईल. आत्ताशी अंडी असतील तर मात्र निम्मा जून उलटेल आणि यंदाचं काम गेलंच. तसं असेल तर गेलं तरी चालेल, पण चुलत्यांना ते आत्ताच सांगायला हवं. म्हणून पहिला प्रश्न असा: बिळाला हात न लावता आत अंडी आहेत की पिल्लं, हे कशावरून ओळखायचं?

मला जे दिसलं ते लिहितो. समोरच्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर जोडी बसते. एक पक्षी माशी पकडून आणतो, फांदीवर दोन्ही बाजूंनी आपटतो, नांगी जाईपर्यंत घासतो. कधी ती स्वतः खातो, कधी चोचीत तशीच धरून बराच वेळ बसून राहतो. त्या फांदीखाली किड्यांच्या कवचांच्या बारीक काळ्या गोळ्या पडलेल्या आहेत. दोन बिळांच्या तोंडाशी, तळाच्या मातीत, पायांनी पडलेले दोन समांतर चर अगदी स्पष्ट दिसतात, तिसऱ्याच्या खाली अजून भुसभुशीत ताजी माती आहे. चोचीत किडा घेऊन आत शिरणं ही पिल्लांची खूण मानतात, पण विणीच्या सुरुवातीला नरही मादीला भरवतो. ते भरवणं बिळाच्या तोंडाशी किंवा आतही होतं का? जोडीतले दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात, त्यामुळे नुसत्या ये-जा करण्यावरून मला काहीच ठरवता येत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे मी समोर उभा असलो की ते आत जातच नाहीत. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर प्रयोग करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले होते: माणूस घरटं दिसेल अशा जागी उभा असेल तर हे पक्षी आत जायला कचरतात, तेवढ्याच अंतरावर पण घरटं दिसणार नाही अशा जागी असेल तर जातात. केवढा हुशार जीव! म्हणून आता उसाच्या आडून, दरडीला तिरपा बसून बघतो. तिथून फांदी दिसते, भोक दिसत नाही. कुणी अशा बिळांचं निरीक्षण केलं असेल तर बसायची पद्धत सांगावी. माझ्या बघण्यामुळे पिल्लांचा घास अडायला नको.

दुसरा प्रश्न अंतराचा. बीळ आत चांगलं चार-पाच फूट जाऊ शकतं. दरडीचं खालच्या अंगाचं टोक बिळांपासून पन्नासेक पावलांवर आहे. तेवढा भाग आधी कापला तर हादऱ्याने बीळ ढासळेल का? जेसीबीवाला म्हणतो काही होत नाही, पण मला त्याची खात्री वाटत नाही.

तिसरं, वळीव. सगळ्यात खालचं भोक ओढ्याच्या तळापासून जेमतेम हातभर वर आहे. एक मोठा वळीव झाला तर पाणी तिथवर येईल. वरच्या बाजूला मातीची पोती टाकून धार पलीकडे वळवावी, की त्या खटाटोपाने पक्षीच घरटं सोडतील?

शेजारच्या रानातल्या एकाने "रात्री भोकं बुजवा, दुसरीकडे जातील" असा सल्ला दिला. विणीत जोडीतला एक तरी रात्री आतच असतो, शिवाय अंडी-पिल्लं. ते सगळे गाडले जातील. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणं शिकारीतच धरलंय, हेही त्याला सांगितलं. आता तो गप्प आहे.

आपल्याकडे पक्षी बघणाऱ्यांची गर्दी हिवाळ्यात, रंकाळ्यावर आणि कळंब्याच्या तलावावर. मे महिन्यात बांधावर, दरडीत, उघड्या माळावर जे पक्षी वीण करतात त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आमच्याच रानाच्या खडकाळ कोपऱ्यात टिटवीची चार अंडी आहेत. तिथे काठ्या रोवून नांगर वळवून घेतला, ते सोपं होतं. दरडीचं तसं होत नाही.

काम झाल्यावर दरडीचा दहा-पंधरा फुटांचा उभा तुकडा तसाच ठेवायला चुलते तयार आहेत. पुढच्या वर्षी वेडे राघू तिथे येतील का? तो किती उंच असावा, तोंड कुठल्या दिशेला असावं, हेही कुणाला माहीत असेल तर लिहा.

फोटो आणि नेमकी जागा मुद्दाम टाकत नाही. करवीर भागातलं कुणी प्रत्यक्ष येऊन बघणार असेल तर निरोप टाका, मी घेऊन जाईन. जेसीबीवाल्याला रविवारी तारीख कळवायची आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.