बिल जुलैचं, जीएसटी ऑगस्टमध्ये, पैसे दिवाळीत: छोट्या धंद्याने कर कधी भरायचा?

साकीनाका_गाळेवाला
पत्र्याच्या कामाचा गाळा आहे, सहा माणसं. जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीला पॅनल बॉक्स दिले. बिल ४ लाख, वर १८ टक्के म्हणजे ७२,००० जीएसटी. माझं रिटर्न तिमाही, पण पैसे दर महिन्याला भरावेच लागतात. ऑगस्टमध्ये भरले. कंपनीने दिले दिवाळीच्या तोंडावर, तोवर "साहेब साइटवर आहेत". दर कमी करा असं मी म्हणतच नाही. हातात न आलेल्या पैशावर कर का, एवढंच विचारतोय.

वरळीचा_पगारदार
माझा टीडीएस पगार हातात पडायच्या आधीच कापतात. तुम्ही २ कोटींच्या उलाढालीपर्यंत ८ टक्के नफा दाखवला की मोकळे, बँकेतून आलेल्या पैशावर तर ६च. रडगाणं पुरे.

साकीनाका_गाळेवाला
तो प्राप्तिकर हो. आणि पगार झालाच नाही, तरी टीडीएस कापला असता तर?

दादर_करसल्लागार
दादा, ७२,००० म्हणू नका. पत्र्यावरचं क्रेडिट, म्हणजे पत्रा घेताना दिलेला जीएसटी, वजा केलंत ना? शिवाय तुमच्या बिलावर कंपनी ७२,०००चं क्रेडिट घेऊन मोकळी होते. तुम्ही चार महिन्यांनी भरणार, तर मधल्या काळात ते सरकारने पदरचं द्यायचं? बोगस बिलंवाल्यांना कुरणच मिळेल.

साकीनाका_गाळेवाला
ताई, सरकारला ३०,६०० गेले, मान्य. पण पत्रेवाला मला उधार देत नाही. २,३०,०००चा माल आणि वरचे ४१,४०० रोख मोजले तेव्हा टेम्पो सुटला. बेरीज करा, ७२,०००च होतात. आणि कंपनीलाही क्रेडिट पैसे चुकते केल्यावरच द्या की! आज तिला पैसे द्यायला १८० दिवसांची मोकळीक आहे. साहेब साइटवरून कसे धावत येतात बघा.

लालबागचा_मसालेवाला
जीएसटीची कंपोझिशन योजना घ्या. दीड कोटीपर्यंत उलाढालीवर १ टक्का, डोक्याला ताप नाही. फक्त गोव्याच्या हॉटेलवाल्याने मिरचीपूड मागितली की हात जोडावे लागतात, राज्याबाहेर विकता येत नाही.

साकीनाका_गाळेवाला
कंपोझिशनमध्ये माझ्या बिलावर क्रेडिट मिळत नाही, मग कंपनी दारात उभं करणार नाही.

दादर_करसल्लागार
एक कबूल करते. २०१२ पासून सेवाकरात ५० लाखांपर्यंतच्या वैयक्तिक आणि भागीदारी धंद्यांना पैसे आल्यावर कर भरता यायचा. २०१७ला ती सोय गेली. पण क्रेडिट पैशाला बांधलं तर प्रत्येक बिलाला बँकेची एन्ट्री जुळवत बसावं लागेल, आणि त्याची फी तुम्हीच मला द्याल. त्यापेक्षा छोट्या धंद्याचे पैसे ४५ दिवसांत चुकते करायचा नियम दाखवा कंपनीला.

साकीनाका_गाळेवाला
दाखवला. उशीर झाला तरी ३१ मार्चच्या आत दिले की प्राप्तिकरात त्यांचा खर्च धरलाच जातो, मग जुलैच्या बिलाची घाई कोणाला? उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही कायद्यात आहे. मागून बघतो एकदा. पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात उतरेल.