अनुभव धागा : घरीही न सांगितलेली नोकरी

बाबा हवाई दलात होते. आम्ही बरेलीला क्वार्टरमध्ये राहायचो. ‘तुझे बाबा काय करतात?’ याला माझं पाठ उत्तर, ‘विमानं दुरुस्त करतात.’ कुठली, ते मलाही ठाऊक नव्हतं. १ मे २००६ ला मिग-२५ हे विमान निवृत्त झालं, पेपरात फोटो आला. बाबा बराच वेळ तो बघत बसले आणि एवढंच म्हणाले, ‘हेच.’ आज बाबा नाहीत, विचारायचं राहून गेलं. तुमच्या घरात कुणी अशी नोकरी केली असेल तर लिहा. जे आजही बोलायचं नाही ते नको, रोजचं जगणं लिहा.

निवृत्त सार्जंट, सांगली

मी १०२ स्क्वाड्रनला, म्हणजे मिग-२५ च्याच तुकडीत होतो. १९८१ साली ही विमानं आली. काम एकच, फार उंचावरून फोटो काढून आणायचे. आवाजाच्या अडीच पटीहून जास्त वेगात हवेच्या घर्षणानं विमान इतकं तापतं की ॲल्युमिनियमचा निभाव लागत नाही, म्हणून सांगाडा बहुतेक पोलादाचा. वैमानिक प्रेशर सूट घालून यायचा. शिडीवर उभं राहून त्याचे पट्टे आवळायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असे. हेल्मेटच्या काचेतून नुसते डोळे दिसत. कुठे चाललात, हे मी कधी विचारलं नाही. परत येऊन, पॅराशूट सोडून विमान थांबलं की आधी कॅमेऱ्याची माणसं धावायची. आमच्या वाट्याला तापलेल्या धातूचा वास. दमून घरी गेलो की बायकोला सांगायचो, ‘परेड होती.’ तिच्याशी खोटं बोललो, ते अजून टोचतं.

निवृत्त हवालदार, रत्नागिरी

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पेन्शनवर आलो आणि डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या दलात लागलो. १९८९ ला ओरिसात चांदीपूरला पहारा. तिथला समुद्र ओहोटीला काही किलोमीटर मागे जातो, कोकणात असलं कधी पाहिलं नव्हतं. ‘अग्नी’ क्षेपणास्त्राच्या चाचणीसाठी आसपासच्या गावांतली माणसं हलवली होती. एक म्हातारी कोंबड्यांची पाटी काही केल्या सोडेना, शेवटी पाटीसकट गाडीत बसवली. उड्डाण दोनदा पुढे गेलं, लोक वैतागले, त्यांचं काय चुकलं? २२ मेला सकाळी झालं. माझं तोंड फाटकाकडे. मागून गडगडाट आला, पायाखालची रेती थरथरली. पहाऱ्यावर मागे वळत नाहीत. नंतर धुराची रेघ तेवढी दिसली. घरी पत्रात लिहिलं, ‘इकडे ऊन फार आहे.’

एक गृहिणी, नाशिक

हे दिवाळीला घरी येणार म्हणून अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. तार आली, ‘रजा रद्द.’ कारण आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की हे विषय बदलतात. मी आता विचारत नाही.

धागा काढणारी

सांगलीचे काका, १९८६ च्या सुमारास तुम्ही तिथे होतात का? बाबा इंजिनवर होते, साताऱ्याचे. काम करताना शीळ घालायची सवय होती.

निवृत्त सार्जंट, सांगली

होतो. इंजिनाखाली उताणा पडून अभंगाची शीळ घालणारा एकच होता, पोरी. रात्रपाळीला त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आम्ही सगळे खायचो. तुझ्या आईनं केलेली ना?