काचेच्या इमारती: तुमचा काय अनुभव?

बीकेसीत (मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात) मुलाखत होती. रिक्षावाल्याला म्हटलं, "त्या निळ्या काचेच्या बिल्डिंगपाशी सोडा." तो म्हणाला, "मॅडम, इथं सगळ्याच निळ्या काचेच्या." फोर्टात "राजाबाई टॉवरसमोर" म्हटलं की काम भागतं. तुमच्या वाट्याला आलेली काच सांगा.

हिंजवडीचा हमाल
चौथा मजला, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, उघडेल अशी एकही खिडकी नाही. मे महिन्यात भर दुपारी एसी बंद पडला आणि अर्धी टीम जिन्यात येऊन बसली. एरवीही मॉनिटरवर ऊन येतं म्हणून आम्ही काचेला खोक्यांचे पुठ्ठे चिकटवलेत. बाहेरून चकाचक, आतून भंगारवाल्याचं दुकान. वर दिवसा ट्यूबलाइट!

साइटवाला
शिव्या देताय, पण आमचंही ऐका. विटांची भिंत म्हणजे प्लास्टर, पाणी मारणं, रंग. काचेची पॅनेलं तयार येतात, वजन कमी, काम झटपट. आणि क्लायंटलाच 'सिंगापूरसारखं' हवं असतं.

मरीन लाइन्स
झटपट होतं, मान्य. पण छज्जा कुठंय? आमची इमारत आर्ट डेको, म्हणजे 1930-40च्या सुमाराच्या शैलीतली. खिडक्यांवरून कोपऱ्याला वळसा घालत जाणारा छज्जा आहे, त्यामुळे पाऊस तिरपा नसेल तर खिडकी उघडी ठेवून चहा पिता येतो. 2018 मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात घेतला. आजीला छज्जाचं मोल आधीपासून ठाऊक होतं, तिथं तिच्या कुंड्या असायच्या. (सोसायटीची नोटीस येईपर्यंत.)

लंडनकर
इथल्या 'वॉकी टॉकी' इमारतीची दक्षिणेकडची काच आत वळलेली. 2013 मध्ये तिने ऊन एकवटून रस्त्यावर टाकलं, खाली उभ्या जॅग्वार गाडीचे भाग वितळले. एका पत्रकाराने तिथं अंडं तळून दाखवलं! पुढे काचेवर उन्हाच्या आडोशाला पट्ट्या बसवल्या. म्हणजे शेवटी छज्जाच की.

साइटवाला
:) हरलो.

परळकर
काच गिरणीतही होती. आजोबांच्या खात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि काच फक्त उत्तरेच्या बाजूला. भरपूर उजेड, पण थेट ऊन कापड विणायच्या मागावर नाही. गिरणी गेली, तिच्याच जागेवरच्या टॉवरमध्ये मी नोकरीला आहे. चारी बाजूंनी काच. पडदे सकाळी दहाला खाली येतात, संध्याकाळी कुणी वर करत नाही.